ब्याऐंशी हजार नऊशेचा प्रश्न

[दृश्य : पहाट. वांद्रे-कुर्ला संकुल. काचेच्या दुकानासमोर रांग, उंचावलेले हात.]

१९ सप्टेंबर २०२५. मुंबईत ॲपलच्या दुकानाबाहेर रात्रीपासून लागलेली ही रांग. आयफोन १७ आजपासून विक्रीला. साधा १७ ८२,९०० रुपयांना, प्रो १,३४,९०० ला. प्रोवाल्यांतले बरेच जण नारिंगी रंगासाठी आलेत. कंपनीने त्याला काहीही नाव दिलं असो, रांगेत त्याला भगवाच म्हणतात.

रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक फोन आहे. चालू फोन. रांगेचं शूटिंग त्याच्यावरच चाललंय.

[दृश्य : चष्मा लावलेला तरुण पिशवी घेऊन बाहेर येतो. कट. पुणे, कसबा पेठ. वाड्याचा लाकडी जिना, वर शिलाई मशीन, दोरीवर साड्या.]

पिशवी घेऊन आलेला हा तरुण ताईंचा भाचा. आणि या त्या ताई. शिवलेल्या नऊवारी विकतात. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, हवी ती पद्धत सांगायची, मापं पाठवायची, साडी घरपोच येते. दुकान नाही. फोटो, गिऱ्हाइकांशी बोलणं, पैसे घेणं, शनिवार संध्याकाळचं लाइव्ह, सगळं या एका फोनवर.

आयफोन १३. सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा १२८ जीबीची किंमत ७९,९०० होती. ताईंनी त्याच दिवाळीत घेतला. आता भाच्याचं म्हणणं, मावशी, चार वर्षं झाली, बदल.

मावशीला ते पटायला आलंय. लाइव्ह अर्ध्यावर येतं तोच फोन तापतो. दुपारी जेवायच्या आत चार्जर शोधावा लागतो. व्हिडिओ साठवून साठवून जागा संपली आहे. आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे जांभळी साडी फोटोत निळी दिसते, मग पार्सल परत येतं.

[दृश्य : खिडकीशी टेबल. एकाच जांभळ्या पैठणीचे दोन फोनवर फोटो. नंतर तीच साडी ट्यूबलाइटखाली.]

भाच्याचा नवा फोन आम्ही मागून घेतला आणि जुन्याच्या शेजारी ठेवला.

सकाळी दहा वाजता, खिडकीच्या उजेडात. डावीकडे १३, उजवीकडे १७. मागचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरून ४८ वर गेलाय. फोटो मोठा करून बघितला की जरीच्या काठातला एकेक धागा उजवीकडे जास्त नीट दिसतो. पण गिऱ्हाईक साडी बघतं ते फोनच्याच पडद्यावर, तेही व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली. तिथे दोन्ही फोटो ओळीने ठेवले तर ताईंनाही कुठला कुठल्या फोनचा ते सांगता आलं नाही.

आता ट्यूबलाइटखाली. जांभळा रंग दोन्हीकडे बिघडला. नव्यात थोडा कमी, पण बिघडला. ही पैठणी धूपछाव. अशा कापडाचा ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा, बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या. प्रकाश जिकडून पडेल तसा रंग पालटतो. खोलीतल्या दिव्यातच लाल-जांभळ्याचा अंश अपुरा असेल तर कॅमेऱ्याने तो आणायचा कुठून?

[दृश्य : लाइव्हची तालीम. ताई आणि साडी नेसलेली भाची. नवा फोन स्टँडवर.]

समोरच्या कॅमेऱ्याचं मात्र मान्य करायला हवं. १७ मध्ये तो १८ मेगापिक्सेलचा आहे, आतला सेन्सर चौरस. फोन उभा ठेवूनही आडवी चौकट मिळते, दोन माणसं आली की चौकट आपोआप रुंदावते. पडदाही सेकंदाला १२० वेळा बदलतो, १३ चा ६० वेळा. बोटाखाली तो फरक लगेच कळतो. शिवाय सगळ्यात कमी किमतीच्या १७ मध्ये २५६ जीबी जागा आहे, जुन्याच्या दुप्पट.

भाचा चार्जिंगची नवी वायर दाखवतो. टाइप सी. व्हिडिओ लॅपटॉपवर पटकन जातील म्हणतो. जात नाहीत. खाच बदलली, पण साध्या १७ मध्ये डेटा जाण्याचा वेग अजून यूएसबी २ चाच, म्हणजे १३ मध्ये होता तोच.

[दृश्य : बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्या. वायरींची भेंडोळी, पाट्या, स्कूटर. अरुंद जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर.]

राहता राहिली बॅटरी.

[दृश्य : फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची कमाल क्षमता – ७६ टक्के.]

आयफोन १३ ची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशा बेताने बनवलेली आहे. हे कंपनीच सांगते. १५ पासून तोच आकडा १,००० वर गेला. ताईंचा फोन रोज एकदा, लाइव्हच्या दिवशी दोनदा चार्ज होतो. म्हणजे जे व्हायचं तेच झालंय.

लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरात जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. दर फेरीत थोडं लिथियम ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्यात अडकून पडतं आणि पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेने हे वेगाने होतं. पत्र्याखालची खोली, तोंडावर रिंग लाइट, फोन चार्जरला लावलेला आणि वर लाइव्ह चालू. बॅटरीला याहून वाईट दिवस नाही.

[दृश्य : कारागिराचं टेबल. चुंबकी चटई, सूक्ष्मदर्शक, बाजूला वाळूची बादली.]

हे दादा या खोलीत दिवसभर फोन उघडतात. वाळू कशाला, ते पुढे दिसेल.

आधी तळाचे दोन स्क्रू. त्यांच्या डोक्यावर पाच पाकळ्या आहेत, घरातला पेचकस चालत नाही. मग पडद्याची कड गरम पट्टीवर शेकून आतला गोंद मऊ करायचा, रबरी वाटी चिकटवून पडदा केसभर उचलायचा आणि फटीतून प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवत न्यायची. घाई केली की पडदा गेला. १३ चा पडदा एका कुशीवर उघडतो, कारण वायरींच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला आहेत.

[दृश्य : क्लोज-अप. पडदा उघडतो. निवेदन नाही, फक्त टेबलावरचा आवाज.]

पहिलं काम बॅटरीचा जोड सोडवणं. आधी वीज बंद, मग बाकीचं. स्क्रू एकेक करून चटईवर, ज्या जागेवरून निघाला त्याच जागेच्या खुणेवर. ते दिसायला सारखे, लांबीला वेगळे. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर खालच्या बोर्डातल्या रेषा तुटतात आणि चांगला फोन कायमचा आडवा होतो. दादांकडे असे फोन येतात, दुसरीकडे उघडलेले.

बॅटरीखाली गोंदाच्या पट्ट्या असतात. शेपूट धरून सावकाश, सपाट ओढायची. तुटली नाही तर बॅटरी अलगद सुटते. तुटली तर खाली अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघायची. टोकदार काही घालायचं नाही. बॅटरीचं पाकीट फाटलं की धूर, आणि धुरानंतर वाळू.

आता नवी बॅटरी लावली आणि झालं, असं नाही. बॅटरीच्या डोक्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावरची चिप फोनशी बोलते. चिप अनोळखी वाटली तर फोन पडद्यावर सूचना देतो की ही बॅटरी अस्सल असल्याची खात्री करता येत नाही. फोन चालतो. गिऱ्हाईक मात्र घाबरतं.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली. जुनी पट्टी कापून सुटी होते. स्पॉट वेल्डिंगचे दोन ठिपके.]

म्हणून बरेच कारागीर हे करतात. जुन्या बॅटरीची पट्टी जपून कापायची, नव्या सेलवर ठेवायची, निकेलच्या पत्र्यावर दोन टाके मारायचे. टाका इकडचा तिकडे झाला तर शॉर्ट. मग एका छोट्या यंत्राला पट्टी जोडून जुन्या फेऱ्यांची नोंद पुसायची.

जाता जाता सांगायला हवं. ही नोंद पुसता येते, तशी खोटीही लिहिता येते. सेकंडहँड फोनवर १०० टक्के दिसले म्हणून भाळू नका.

ताईंनी मात्र कंपनीची बॅटरी मागवून घ्यायचं ठरवलं. किंमत जास्त पडते, सूचना येत नाही. पाण्यापासून बचाव करणारी गोंदाची कड दादा नवी लावतात, पण कारखान्यातल्याइतका भरवसा देत नाहीत.

[दृश्य : जुन्या बातम्यांची कात्रणं, पडद्यावर वर्षं.]

या बॅटरीपायी ॲपल एकदा चांगलीच अडचणीत आली होती. बॅटरी म्हातारी झाली की जोराच्या कामाला तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. ते टाळण्यासाठी कंपनीने २०१७ मध्ये सॉफ्टवेअरमधून जुन्या फोनचा प्रोसेसर गुपचूप सावकाश केला. लोकांना वाटलं, फोन जुना झाला. त्या डिसेंबरात ही गोष्ट उघड झाली, कंपनीने माफी मागितली आणि २०१८ पुरता अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोचा दंडही झाला.

पण बघण्यासारखी तारीख आहे २ जानेवारी २०१९. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं की विक्री अंदाजापेक्षा कमी झाली. मुख्य कारण चीन. आणखी दिलेल्या कारणांत एक होतं, लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली. याहून प्रामाणिक जाहिरात दुरुस्तीवाल्यांना कुणी करून दिली नसती.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आलाय : विक्रीला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावर सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी ते सांगणारा आकडा, असावा असा समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये केंद्र सरकारकडे गेलाय. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाला नाही.

[दृश्य : ताईंची वही. पेन्सिलीने मांडलेले आकडे.]

ताई हिशेबाला पक्क्या.

७९,९०० चा फोन चार वर्षं वापरला. वर्षाला १९,९७५ पडले. तोच सहा वर्षं चालला तर वर्षाला १३,३१७, वर बॅटरीचा खर्च. आज मोडीत दिला तर एक्स्चेंजला थोडे पैसे येतील, दोन वर्षांनी त्याहून कमी. ते धरूनही थांबणं स्वस्त पडतं.

८२,९०० मध्ये १८ टक्क्यांनी सुमारे १२,६०० रुपये जीएसटी आहे. सप्टेंबरात बऱ्याच वस्तूंवरचा कर उतरला, मोबाइलवरचा तसाच राहिला. ताईंची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो परत मिळत नाही. आणि भाच्याने दाखवलेला ‘नो कॉस्ट’ हप्ता? क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकान किंवा कंपनी देते. पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. नो कॉस्ट म्हणजे थोडी कॉस्ट.

मग नवा घ्यायचा कधी? वहीत त्यांनी एकच गोष्ट लिहिली आहे : कंपनीकडून सॉफ्टवेअरचे अपडेट थांबले की. २०१८ च्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरला २०२५ चं सॉफ्टवेअर, आयओएस २६, मिळालं नाही, म्हणजे सात वर्षं चालले. ताईंच्या १३ ला ते मिळालंय. त्याच हिशेबाने २०२८ पर्यंत घाई नाही. सॅमसंग एस २४ पासून आणि गूगल पिक्सेल ८ पासून सात वर्षांचं वचनच देतात.

[दृश्य : ताई फोन परत घेतात. कमाल क्षमता – १०० टक्के. शेजारच्या दिव्याच्या दुकानात एलईडीचे पॅनेल बघतात.]

नवा फोन नाही. बॅटरी बदलली, जुने व्हिडिओ हार्ड डिस्कवर काढले, आणि रंग नीट दाखवणारा एक दिवा घेतला. समोरच्या कॅमेऱ्याचा मोह अजून आहे, हे त्या हसून कबूल करतात. भाचा नाराज आहे.

[दृश्य : पुन्हा दादांचं टेबल. कॉलेजचा मुलगा, जुना अँड्रॉइड फोन.]

दादांकडे पुढचं गिऱ्हाईक. बॅटरी फुगलीय, पडदा मागून उचललाय. दादा आधी पेचकस घेत नाहीत, सेटिंग उघडतात. सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख चार वर्षांपूर्वीची. याच फोनवर मुलाचं बँकेचं ॲप आहे, यूपीआय आहे.

मुलगा विचारतो, बॅटरीचे किती होतील? दादा आकडा सांगतच नाहीत. यात पैसे घालू नकोस म्हणतात. नवा घे, यंदाचाच पाहिजे असं नाही, १७ आला तसा १६ दहा हजारांनी उतरलाय, आणि तेवढेही नसतील तर अपडेट बाकी असलेला कुठलाही बघ.

फुगलेली बॅटरी ते काढून ठेवून घेतात. वायर लावून फोन थेट विजेवर चालू करतात. फोटो आणि नंबर काढून देतो म्हणतात, तासाभराने पेन ड्राइव्ह घेऊन ये.