आभासी फाशाचे दान नेमके कोण टाकते?

नमस्कार. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या आणि वार लागला की हुकला हे आभासी फाशाने ठरणाऱ्या खेळात, एखाद्या योद्ध्याचे चार वार लागोपाठ फुकट गेले, की त्याचा खेळाडू हमखास म्हणतो, ‘हे सॉफ्टवेअर माझ्यावर डूख धरून आहे.’ हातातल्या फाशावर असा आरोप क्वचितच होतो, कारण तो आपण स्वतः टाकलेला असतो. म्हणून आज आभासी फासा आकडा कुठून आणतो आणि त्यात खोट शिरायला जागा नेमकी कुठे असते, ते पाहू.

१९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केलेल्या या खेळप्रकारात ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. (पडद्यावर: ३डी६+२) या आज्ञेचा अर्थ असा, की सहा बाजूंचे तीन फासे टाकावेत आणि त्यांच्या बेरजेत २ मिळवावेत. येथे फासे खरोखर तीन वेळा, स्वतंत्रपणे टाकले गेले पाहिजेत. पात्राचे बळ ठरवताना एखाद्या नवशिक्या प्रोग्रामरने श्रम वाचवण्यासाठी तीन फाशांच्या बेरजेऐवजी ३ ते १८ मधला कोणताही एक आकडा सरळ निवडला, तर १८ येण्याची शक्यता २१६ पैकी १ न राहता १६ पैकी १ होते आणि जन्मजात महाबली वीरांची रांग लागते.

आता आकड्याच्या उगमाकडे येऊ. संगणक बहुधा एका सुरुवातीच्या संख्येवर, म्हणजे ‘सीड’वर, ठरावीक गणिती क्रिया पुन्हापुन्हा करून यादृच्छिक भासणारी संख्यांची मालिका तयार करतो. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९७ साली तयार केलेली ‘मर्सेन ट्विस्टर’ ही अशीच एक प्रसिद्ध पद्धत आहे. तिची मालिका इतकी लांब असते, की खेळाच्या ओघात ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र तिच्या पुरेशा संख्या हाती आल्या, तर पुढच्या संख्या गणिताने काढता येतात. म्हणून शक्य असेल तेथे सांकेतिक सुरक्षेसाठी, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याच्या कामासाठी, बनवलेले जनित्र (अशा संख्या तयार करणारा प्रोग्राम) वापरणे मला अधिक योग्य वाटते.

परंतु माझ्या मते खरी गंमत त्यानंतरच्या पायरीत आहे. समजा, जनित्राने एक बाइट दिला, म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या दिली. तिला २० ने भागून बाकी घ्यायची आणि तीत १ मिळवायचा, म्हणजे २० बाजूंच्या फाशाचे दान मिळाले. हे दिसते सरळ, पण २५६ ला २० ने निःशेष भाग जात नाही; बारा पूर्ण फेऱ्यांत २४० संख्या संपतात आणि १६ उरतात. त्यामुळे १ ते १६ या दानांच्या वाट्याला प्रत्येकी १३ संख्या येतात, तर १७ ते २० यांच्या वाट्याला प्रत्येकी १२ च. म्हणजे हा फासा नेमक्या सर्वांत हव्याहव्याशा चार दानांच्या बाबतीत थोडा कंजूष निघतो! उपाय साधा आहे: २४० किंवा त्याहून मोठी संख्या आली, तर ती टाकून द्यावी आणि नवी घ्यावी. ३२ बिटांची, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता असलेली, संख्या घेतली तर हा पक्षपात इतका सूक्ष्म होतो, की खेळात तो कोणालाही जाणवणार नाही.

मग दुर्दैवाच्या मालिकांचे काय? निर्दोष फासा २० वेळा टाकूनही एकदाही २० न पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. फाशाला मागचे दान आठवत नाही. आठवण ठेवतो तो खेळाडू, आणि तीही बहुधा हुकलेल्या वारांचीच.

संशयाला खरी जागा असते ती दान कोठे पडते, या प्रश्नात. ते खेळाडूच्याच संगणकावर ठरून केवळ निकाल इतरांकडे जात असेल, तर मधल्यामध्ये फेरफार करणे शक्य असते. ते सर्व्हरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, ठरून सर्वांना एकाच वेळी दिसत असेल, तर खेळाडूच्या हाती काही राहत नाही. पडद्यावर गडगडणाऱ्या त्रिमितीय फाशावरून यातले काहीच कळत नाही, कारण पुष्कळदा आकडा आधी ठरलेला असतो आणि गडगडणे हा नंतरचा देखावा असतो.

सर्व्हरवरही विश्वास नसेल, तर दोघांनी मिळून दान टाकता येते. प्रत्येकाने १ ते २० मधला एक आकडा गुपचूप निवडावा, त्याला निरर्थक अक्षरांची लांब शेपटी जोडावी आणि त्या सगळ्याचा ‘हॅश’, म्हणजे उलट न उलगडणारा गणिती ठसा, समोरच्याला पाठवावा. शेपटी आवश्यक आहे, कारण नुसते वीस आकडे कोणीही एकेक करून पडताळू शकतो. दोन्ही ठसे पोहोचल्यावर आकडे शेपटीसह उघड करावेत, ठसे जुळतात का ते पाहावे, आकड्यांची बेरीज करावी आणि ती २० हून अधिक झाल्यास त्यातून २० वजा करावेत. दोघांपैकी एकानेही आपला आकडा प्रामाणिकपणे, कोणताही कल न ठेवता निवडला असेल, तर सर्व दाने समसंभव राहतात. पळवाट एकच उरते: समोरचा आकडा पाहून हरणारा आपला आकडा उघडच करणार नाही. त्यासाठी अशा खेळाडूचे दान १ धरावे, असे खेळापूर्वीच ठरवून ठेवावे.