मशीन नको, कंगवा घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी सरत आला की कुणाच्या घरी लॅब्रॅडॉर कुत्रा आहे, हे त्याच्या काळ्या पँटवरून कळतं. आमच्याकडे तर चहाच्या कपातही एखादा केस निघतो. मग कुणीतरी सुचवतंच, "झिरो मशीन मारून आणा, त्यालाही गार वाटेल." तेवढं मात्र करू नका.

आमच्या गोट्याच्या पाठीवरचे केस उलटे सारले, की वर राठ, किंचित तेलकट केस दिसतात आणि खाली मऊ, फिकी, दाट लोकर. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर गारठलेल्या पाण्यात कोळ्यांबरोबर राबायचे. दोन थर तिथले. लोकर ऊब धरते, वरचे केस पाणी आणि ऊन अडवतात. मशीन फिरलं की चटका थेट कातडीला. केस परत येताना कधी विरळ येतात, कधी महिनोन्‌महिने येतच नाहीत. आणि गारव्याचं म्हणाल, तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम कुठे येतो? तो जीभ काढून धापा टाकतो, तोच त्याचा पंखा.

लोकर झडते ती मुख्यतः दिवस लहान-मोठा होण्याच्या हिशोबाने. रात्री उशिरापर्यंत दिव्यात बसणाऱ्या घरांत हा हिशोब बिघडतो आणि कुत्रा बारा महिने गळत राहतो.

या दिवसांत मी रोज संध्याकाळी गच्चीत जुनी चादर अंथरते. आधी रबरी ब्रश, मग लोकर काढायचा रुंद दातांचा कंगवा, केसांच्या दिशेनेच. मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी फिकट झुबके वर आलेले असतात. चिमटीत धरले की अलगद सुटतात. सासूबाई म्हणतात, "एवढ्यात उशी भरेल गं." पहिल्या वर्षी मी एकाच जागी कंगवा घासत बसले, कातडी लाल झाली आणि गोट्या दोन दिवस कंगवा दिसला की दिवाणाखाली.

आंघोळ विंचरून झाल्यावर, कुत्र्यांच्याच शाम्पूने. पावसाळ्यात खालची लोकर ओली राहिली तर कातडी चिघळते, म्हणून मुळापर्यंत कोरडं करा. विंचरताना कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसले, तर थेट डॉक्टर.

हे झुबके मी पूर्वी चिमण्यांच्या घरट्यांसाठी कठड्यावर ठेवायचे. पण गोट्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकतो, ते केसांत उतरतं आणि पिल्लांच्या जिवावर बेतू शकतं. आता सगळे झुबके पिशवीत बांधून कचऱ्यात. चिमण्या कठड्यावर येऊन बघून जातात.

नमस्कार.