चिंगीचे पहिले तीन महिने

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला चिंगीबद्दल सांगायचंय. चिंगी म्हणजे आपली साधी गावठी कुत्री, हल्ली ज्यांना इंडी म्हणतात ना, त्यातली. मागच्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, आणि खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा हे कुत्रं आहे हेच मला कळलं नाही, कारण अंगावर केस असे नव्हतेच, कातडी जाड होऊन सुरकुतलेली आणि वरून काळं काहीतरी चोपडलेलं. वासावरून कळलं, गॅरेजमधलं जळकं ऑइल.

इथे जरा थांबते. खरूज झाली की गाडीचं ऑइल लावा, हा उपाय कितीतरी ठिकाणी सांगतात, आणि लावणारा मायेनंच लावतो हो, पण कुत्रं स्वतःचं अंग चाटतं, ते ऑइल पोटात जातं, कातडी अजून सोलवटते. प्लीज, हे कुणी करू नका. डॉक्टरांनी चिंगीची कातडी थोडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली, तर डेमोडेक्स निघाला. हे किडे केसांच्या मुळाशी राहतात, चांगल्या धडधाकट कुत्र्यांच्या अंगावरही थोडे असतातच, पण उपासमारीनं नाहीतर आजारानं अंगातली ताकद गेली की ते माजतात. हा प्रकार माणसाला लागत नाही. दुसऱ्या एका जातीची खरूज मात्र लागू शकते, म्हणून अंदाजानं औषध द्यायचं नाही, आधी तपासायचं. आता यावर चांगल्या गोळ्या मिळतात. शिवाय चिंगीला गोचीड ताप होता, रक्तातल्या प्लेटलेट पार खाली, त्यासाठी डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. ती गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते, म्हणून दोन्ही वेळा आधी भात आणि उकडलेलं चिकन, मग गोळी.

सहाव्या आठवड्यात पाठीवर लव आली, गव्हाच्या रंगाची. मी एकटीच बाल्कनीत बसून रडले त्या दिवशी.

अंग बरं झालं, भीती तशीच होती. झाडू उचलला की चिंगी जमिनीला चिकटायची. कुणीतरी मारलंय तिला, दुसरं काय. मग नसबंदी झाली, रेबीजची लस झाली आणि आम्ही तिच्यासाठी कायमचं घर शोधायला लागलो. पहिले फोन सगळे सारखेच, मादी आहे का, मग नको. अहो, ऑपरेशन झालंय, पिल्लांचा प्रश्नच नाही, तरी नको! शेवटी एक घर मिळालं आणि चौथ्या दिवशी ती परत आली. खात नाही, कोपऱ्यातून उठत नाही, आमच्याशी खेळतच नाही, असं म्हणाले. माणसं वाईट नव्हती, पण चार दिवस म्हणजे काय हो?

रेस्क्यूचं काम करणारे लोक तीनचा हिशोब सांगतात. पहिले तीन दिवस नुसती घाबरगुंडी, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रकं कळतात, आणि तीन महिन्यांनी कुठे कुत्र्याला वाटतं की हे आपलं घर. काहींना जास्तही लागतात. तोवर पाहुणे नकोत, बळंच मांडीवर घेणं नको, फिरायला नेताना पट्टा दुहेरी लावा, म्हणजे एक निसटला तरी दुसरा असतो, आणि दिवाळीच्या तोंडावर तर नवीन कुत्रं आणूच नका, फटाक्यानं पळालेलं कुत्रं अनोळखी एरियात परत घर शोधू शकत नाही.

22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं भटक्या कुत्र्यांच्या केसमध्ये सांगितलं की ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यानं महापालिकेकडे अर्ज करावा, पण घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. हौस म्हणून नेलं आणि सोडून दिलं, तर तोवर ते रस्त्यावर जगायचं विसरलेलं असतं.

चिंगी आता साताऱ्याला आहे, रिटायर झालेल्या एका जोडप्याकडे. काकांनी पहिले पंधरा दिवस तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे, पेपर वाचायचे आणि मागे हात करून पोळीचा तुकडा ठेवायचे. सोळाव्या दिवशी तिनं तो हातातून घेतला. काकू झाडू आधी तिच्यासमोर ठेवायच्या, हुंगू द्यायच्या, मगच झाडायच्या.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी पहाटे सहाला काकूंचा फोन आला. मला धस्सच झालं. हॅलोसुद्धा म्हणाल्या नाहीत, फोन तसाच दाराकडे धरला, आणि पलीकडून कुणीतरी दूधवाल्यावर जीव तोडून भुंकत होतं. चिंगीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.