पट्टा वेळेत पोचवा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या लांब पल्ल्याच्या रिलेबद्दल. मैदानावरची नव्हे, रस्त्यावरची: १२ जण, २ गाड्या, ३६ टप्पे, दिवस-रात्र. वाट्याला प्रत्येकी ३ टप्पे. यात बहुतेक घोटाळे धावताना होत नाहीत, ते अदलाबदलीच्या ठाण्यावर होतात.

जपानची ‘हाकोने एकिदेन’ ही रस्त्यावरची रिलेच घ्या ना. सुरुवात १९२० ची. दर जानेवारीच्या २ आणि ३ तारखेला विद्यापीठांचे संघ तोक्योहून डोंगरातल्या आशी सरोवराकडे धावतात, दुसऱ्या दिवशी परत. १० धावपटू, सुमारे २१७ किलोमीटर. हातात बॅटन नाही. खांद्यावरून तिरका कापडी पट्टा, तासुकी. परतीच्या वाटेवर तोत्सुकाच्या ठाण्यातून पहिला संघ गेला की २० मिनिटं मोजतात. मग मागच्या संघांच्या पुढच्या धावपटूंना ठाण्यावर थांबायला मुभा नाही, कारण रस्ता वाहतुकीला मोकळा करायचा असतो. तो पुढचा गडी आयोजकांचा पट्टा घालून निघतो. आणि कधी कधी, श्रोतेहो, घामानं भिजलेला पट्टा मुठीत गुंडाळून येणारा जोडीदार तेव्हा अगदी नजरेच्या टप्प्यात असतो! तो धापा टाकत येतो, तर घेणारा गेलेला. संघ बाद होत नाही, वेळ मोजतात, क्रमांकही मिळतो. पण स्वतःचा पट्टा तिथेच राहतो.

आपल्या रिलेत उलटं होतं: आणणारा पोचतो आणि घेणारा गाडीत झोपलेला! कारण अंदाज चुकतो. सगळे आपली सर्वोत्तम वेळ लिहून देतात. पहिल्या टप्प्याला ती चालते. तिसऱ्याला, अर्धवट झोपेत, पाय आखडलेले असताना नाही. म्हणून किलोमीटरमागे २०-३० सेकंद वाढवून धरा. तरीही घेणाऱ्यानं अंदाजाच्या १० मिनिटं आधी उभं राहायचं. पुन्हा सांगतो, १० मिनिटं आधी, बूट बांधून.

कपड्यांचे तीन जोड, तीन वेगळ्या पिशव्यांत. संघाच्या टी-शर्टच्या रंगावर तीन-तीन आठवडे खल चालतो, सुके मोजे मात्र कुणाला आठवत नाहीत. मला विचाराल तर टी-शर्ट छापूच नयेत. रात्री डोक्याला दिवा, अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट, पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा. सेल जास्तीचे.

टप्पा संपला की लगेच गाडीत बसू नका, १० मिनिटं चाला, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतात. खाणं मात्र लगेच उरका. पुढची पाळी ८-१० तासांनी येते आणि मधे झोपायचंही असतं. रात्रीचा टप्पा धावलेल्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. चालक वेगळाच ठेवा, आणि त्याची झोप झाली आहे ना, हे निघण्याआधी विचारा.