लाल मणी

(दृश्य: कुडाचं घर, आत मंद उजेड. खाटेवर बाळ.)

वाळूचं छोटं घड्याळ उलटं केलं, की एक मिनिट सुरू. सुईण बाळाच्या पोटाकडे टक लावून बघते. दहा श्वास झाले, एक मणी सरकवला. आणखी दहा, दुसरा मणी. वाळू खाली पडायच्या आत हिरवे मणी संपून लाल मणीही सरकवावा लागला, तर मिनिटाला साठ श्वास झाले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हा न्यूमोनियाचा इशारा. औषध लगेच सुरू करायचं.

गडचिरोलीतल्या कित्येक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, दहापर्यंत येत होतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तेवढ्यावरच हे उपकरण बेतलं. बाईला काय येत नाही हे आधी न बघता काय येतं हे बघितलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, की 2005-06 मध्ये आदिवासींमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 62 बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी सोडून उरलेल्या समाजात हा आकडा होता 49. पुढं 2019-21 च्या पाहणीत आदिवासींचा आकडा 42 वर आला, दुसरा 28 वर. दोन्हीकडे बाळं वाचली, ही मोठीच गोष्ट आहे. पण आधी 13 चं अंतर होतं, 2019-21 मध्येही जवळजवळ तेवढंच राहिलं. प्रमाण काढलं तर जास्तच टोचतं: आदिवासी बाळाचा धोका तेव्हा सव्वापट होता, तो दीडपट झाला. दलित बाळांचा आकडाही आदिवासींच्या अगदी जवळ, 41.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मतं, कारण आईच्या अंगात रक्त नसतं. नांगरणी-रोवणीच्या दिवसांत, घरातलं धान्य संपत आलेलं असताना, ती पोटुशी असूनही चिखलात वाकलेली असते. यात आदिवासी असण्याचा दोष कुठे आला?

(दृश्य: गावातली पायवाट. खांद्यावर पिशवी घेतलेली बाई.)

सर्चनं 1995 पासून 39 गावांत वेगळीच वाट धरली. दवाखाना दूर, बाळंतपण घरी. मग बाळाची काळजीही घरीच. गावातलीच थोडं शिकलेली बाई निवडली. तिला आरोग्यदूत म्हणू लागले. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, वजन कसं करायचं, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं ती शिकली. आधी या गावांत हजारातली 62 बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, ती संख्या 25 च्या आसपास आली. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला.

पुढं 2011 मध्ये ही पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

(दृश्य: पर्लकोटा नदी, पावसाळा.)

ही गडचिरोलीतल्याच भामरागडची पर्लकोटा. पूर आला, की पलीकडचा रस्ता तुटतो. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहावं, अशी सोय केलेली आहे. पण घरी दोन लहान लेकरं असतात, गुरं असतात, शेतात रोवणी अडलेली असते. ती निघायचं उद्यावर टाकते. आणि रात्री पाऊस लागतो.