आधी दोरी, मग पाना: ठोकलेली यामाहा आरएक्स घरच्या शेडमध्ये उभी करताना

नमस्कार मंडळी. समोर आयटीआयची पोरं बसलीत, मागं काही गॅरेजवाले दोस्त दिसतायत, आणि चार-दोन जण असे असणार की ज्यांच्या घरामागं ताडपत्रीखाली एखादी ठोकलेली गाडी पडून आहे. मी जास्त करून त्यांच्यासाठीच बोलणार आहे.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, आज इंजिनवर मी फार बोलणार नाही. इंजिनवर बोलायला सगळ्यांनाच आवडतं, पिस्टन, पोर्टिंग, कार्बोरेटर, आणि आरएक्सचं नाव काढलं की मग तर विचारूच नका. पण समोरून ठोकलेल्या गाडीत इंजिन बऱ्याचदा शाबूतच असतं हो. पुढं जाऊन घात होतो तो पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन पाईपांमुळं, गळ्यामुळं म्हणजे चॅसीच्या ज्या नळीत हँडलचा दांडा फिरतो तिच्यामुळं, चाकामुळं, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात शेवटी बघतो, कारण तिथला बिघाड डोळ्याला दिसत नाही आणि टाकीवरचा पोचा मात्र लांबून दिसतो. मग काय, पोचा निघतो, लांबी (पुट्टी) भरली जाते, रंग होतो, स्टिकर येतात, गाडी चकाचक, आणि आतला पाईप तसाच वाकडा. अशी गाडी रस्त्यावर आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि विकू तर अजिबात नये.

आता उदाहरण म्हणून माझ्या भाच्याची आरएक्स १०० घेऊ. ही गाडी आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात यामाहाबरोबर एस्कॉर्ट्सनं बनवली, ९८ सीसी, बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे हलकी गाडी आणि अंगात जोर. भाचा गळीत हंगामात रात्री इचलकरंजीकडनं येत होता, पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर ऊस बाहेर लोंबतोय. दिसली तोवर उशीर झालेला. पोरगं वाचलं, कॉलरबोन मोडलं तेवढं. गाडी मात्र पुढून चांगलीच ठोकली गेली.

अशी गाडी घरी आली की हात शिवशिवतात, लगेच पाना घेऊन सुटी करायला लागतो आपण. करू नका. आधी सगळीकडून फोटो काढा, वायरी कुठून कुठं गेल्यात तेसुद्धा, आणि मग चाक फिरण्याइतपत मोकळं झालं की गाडी डबल स्टँडवर लावून दोरी मारा. गवंडी मारतो ती साधी दोरी. मागच्या टायरला मागून वळसा द्यायचा, दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढं आणायची, अॅक्सलच्या उंचीच्या आसपास पण स्टँडला, सायलेन्सरला कुठं टेकणार नाही अशी, आणि पुढच्या चाकाच्या पुढं दोन खुर्च्यांना ताणून बांधायची. दोन्हीकडं दोरी मागच्या टायरला पुढं आणि मागं अशी दोन ठिकाणी नुसती टेकली पाहिजे. हे व्हायच्या आधी मागचं चाक चिमट्यात, म्हणजे त्याला धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, सरळ आहे का ते बघा, आणि त्यासाठी चेन अॅडजस्टरवरच्या खुणांवर विसंबू नका, चिमट्याच्या बोल्टपासून अॅक्सलपर्यंत दोन्हीकडं टेप लावून मोजा.

आता बघा, या गाडीचा मागचा टायर २.७५ आणि पुढचा २.५०. फरक पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. म्हणून हँडल सरळ धरलं की पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून साधारण तीन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे, आणि ती टायरच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला सारखीच हवी. दहा रुपयांची दोरी आहे, पण गाडी सरळ आहे की नाही ते ती लगेच सांगते. भाच्याच्या गाडीत डाव्या बाजूला दोरी टायरला घासत होती आणि उजवीकडं बोट जाईल एवढी जागा.

पण इथं घाई करून चॅसी गेली म्हणून मोकळं होऊ नका. पुष्कळदा फोर्क नुसता टी-मध्ये, म्हणजे त्याचे दोन पाईप धरणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमध्ये, पिळला जातो. वरच्या-खालच्या टी-चे बोल्ट ढिले करा, अॅक्सल नट ढिला करा, चाक गुडघ्यात धरा आणि हँडल उलट्या बाजूला फिरवा, परत आवळा, परत दोरी बघा. कित्येक गाड्या एवढ्यावर सरळ होतात. आमची झाली नाही, म्हणून मग फोर्क उतरवला.

आता मला जे खरं सांगायचंय ते इथं आहे, त्यामुळं जरा वेळ घेतो. फोर्क पाईप मोजायचा कसा? बहुतेक जण डोळ्यासमोर धरून बघतात, बंदूक धरल्यासारखा. त्यात दोन-तीन मिलिमीटरचा बाक कळेल, त्याखालचा कळत नाही. घरी जाड काच असेल, जुन्या टेबलाची वगैरे, तर तिच्यावर पाईप लोळवा आणि खालून उजेड कुठं येतो ते बघा, हे त्यातल्या त्यात बरं. पण आपण कोल्हापुरात राहतो, शिवाजी उद्यमनगरमध्ये गल्लीगल्लीत लेथ आहे, पाईप ठेवायचा खाचेचा ठोकळा म्हणजे व्ही ब्लॉक आहे, बारीक फरक सुईवर दाखवणारी डायल आहे. पाईप दोन व्ही ब्लॉकवर ठेवायचा, मधे डायलची सुई टेकवायची आणि सावकाश एक पूर्ण फेरा द्यायचा. सुई सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त कुठं जाते तो फरक लिहून घ्या, आणि त्याचा निम्मा म्हणजे पाईपचा बाक. हा निम्म्याचा हिशोब विसरून चांगला पाईप भंगारात जातो. भाच्याच्या उजव्या पाईपला डायल फिरली दीड मिलिमीटरच्या वर, म्हणजे बाक पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त, आणि तो होता बरोबर खालच्या टी-च्या खाली. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये या बाकाची मर्यादा साधारण ०.२ मिलिमीटर दिलेली असते.

मग प्रश्न येतो, प्रेसवर मारून सरळ करायचा का? करून देणारे आहेत, हाताला हुनर आहे त्यांच्या, सरळ केलेला पाईप डायलवरसुद्धा पास होतो. तरीही मी नाही म्हणतो. यामाहाचं मॅन्युअलही स्पष्ट सांगतं की वाकलेला पाईप सरळ करू नका, तो धोकादायकरीत्या कमजोर होतो. कारण समजून घ्या. पोलाद एका मर्यादेपलीकडं वाकलं की आतली ठेवण बदलते, तुम्ही ते परत उलट वाकवलं की त्याच जागेला दुसऱ्यांदा मार बसतो, आणि ती जागा कुठली, तर खालच्या टी-च्या खाली, जिथं पुढचा ब्रेक मारल्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. वर हार्ड क्रोमला केसासारख्या चिरा पडलेल्या असतात, उन्हात तिरपा धरून बघा, दिसतील. त्यातून पाणी शिरतं, गंज धरतो, मग तोच गंज ऑइल सील कापतो आणि तुम्ही सील बदलत बसता. पुढच्या फोर्कचा पाईप, अॅक्सल, हँडल, या तीन वस्तू वाकल्या तर नवीनच घालायच्या, यात मी कुणाचं ऐकत नाही, पैसे नसतील तर गाडी चार महिने शेडमध्ये उभी राहू दे.

नवीन घेताना पण बघून. आरएक्स बंद होऊन इतकी वर्षं झाली, बाजारात लोकल माल भरपूर आहे. पुण्याला नाना पेठेत गेलात तर फोर्क पाईप मिळेल, पण दुकानातच काचेवर लोळवून घ्या, व्हर्निअर लावा, जुन्या पाईपशी जाडी जुळवा. नवा म्हणजे सरळ असं काही नसतं.

फोर्क उतरलाच आहे तर गळा तपासायला यापेक्षा चांगली वेळ नाही. गळ्याच्या खाली जिथं पुढची नळी वेल्ड केलेली असते तिथं रंग पापुद्र्यासारखा उडालाय का बघा. धातू ताणला गेला की रंग आधी फुटतो. तिथला रंग काढा, आणि मग ती जुनी वर्कशॉपची पद्धत, रॉकेल आणि खडू. जागा स्वच्छ करून रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा, खडूची पूड चोळा आणि वरून हातोडीनं हलकं ठोका. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. फौंड्रीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. डाय पेनिट्रंटचे स्प्रे आणता आले तर आणखी चांगलं, लाल डाय, क्लीनर आणि पांढरा डेव्हलपर, बारीक चीर त्यात जास्त स्पष्ट दिसते.

गळाच वाकला असेल तर घरचं काम तिथं संपलं. चॅसी जिगवर, म्हणजे पकडून मापात सरळ करायच्या साच्यावर, लावून काम करणारा माणूस शोधा, नाहीतर गाडी सोडून द्या. आणि चॅसी बदलायचीच असेल तर लक्षात ठेवा, बहुतेक मोटरसायकलींना चॅसी नंबर गळ्यावरच ठोकलेला असतो. आरटीओची परवानगी न घेता दुसऱ्याची चॅसी घातली, नंबर घासला, परत पंच केला, तर तो गुन्हा आहे, गाडी कितीही प्रेमानं बांधलेली असू दे. नवीन गाडी असेल तर इन्शुरन्सचं आधी बघा, रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी टोटल लॉस धरते. जुन्या गाडीला बहुतेकांचा नुसता थर्ड पार्टी असतो, त्यात आपल्या गाडीचं काही मिळत नाही.

आता कोनसेट, म्हणजे गळ्यातलं गोळ्यांचं बेअरिंग, ज्यावर हँडल फिरतं. समोरून धडक बसली की गोळ्यांचा मार वाटीवर बसतो आणि बारीक खळगे पडतात. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, बरोबर मध्यभागी अडकल्यासारखं लागलं तर सेट गेला, ग्रीस भरून काही होत नाही. नवीन बसवल्यावर किती आवळायचं? चाक हवेत असताना हँडल मधून जरा ढकललं की आपल्या वजनानं शेवटपर्यंत पडलं पाहिजे, आणि फोर्क खालून धरून पुढं-मागं हलवला तर खटखट नको.

चाकाचं काम मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं. रिम चेमटली असेल, कडेला चीर असेल तर बदला. नुसती आऊट, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर तारांवर (स्पोकवर) निघते. छत्तीस तारा, निम्म्या डाव्या बाजूला निम्म्या उजव्या. चाक फोर्कमध्ये लावा, रिमजवळ खडू धरा, फिरवा, जिथं खडू लागेल तिथं रिम त्या बाजूला गेलीय. विरुद्ध बाजूच्या तारा पाव आटा आवळा, पण त्याआधी या बाजूच्या तेवढ्याच ढिल्या करा, नाहीतर रिम अंडाकृती होते आणि डावं-उजवं काढता काढता वर-खाली घालून बसता. दोन्ही दिशांनी दोन मिलिमीटरच्या आत आणायचं, मी एकच्या आत आल्याशिवाय सोडत नाही. शेवटी प्रत्येक तार पान्यानं वाजवून बघा, एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज सारखा यायला पाहिजे. ज्यांनी सायकलच्या दुकानात हे काम शिकलंय त्यांचे कान यात फार तयार असतात, त्यांच्याकडं जाऊन बसा.

चाक परत चढवताना एक गोष्ट हात लावून बघा. ड्रम ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते आणि फोर्कच्या खालच्या नळीला एक उंचवटा, तो त्या खाचेत बसलाच पाहिजे. नाही बसला तर ब्रेक मारल्याबरोबर सगळी प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि चाक जाम. आणि बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले साधे घालू नका, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला बघून घ्या.

इंजिनबद्दल एवढंच, टू स्ट्रोक आहे, इंजिनला ऑइल पंपातून जातं, हे विसरू नका. गाडी पडल्यावर ऑइलची बारीक नळी निसटते, चिरते, किंवा नळीत हवा शिरते. पंपाला ऑइलच नाही गेलं तर इंजिन सुरू होईल, मस्त आवाज करेल आणि थोड्या वेळात पिस्टन जाम करून ठेवेल. पंपाचा ब्लीड स्क्रू खोलून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, आणि पहिल्या टाकीला लिटरमागं वीस मिली टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा. टाकीचं पण सांगतो, पोचा काढायला तिला गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग लावायचं तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ असते. पेट्रोल काढलं, दोन दिवस उन्हात ठेवली, असलं काही चालत नाही. डेंटिंगवाल्याला हे माहीत आहे का ते आधी विचारा, नसेल तर टाकी उचलून परत या.

वायरिंगमध्ये गळ्याजवळचा वायरींचा जुडगा पूर्ण उघडा. धडकेत तो टी आणि चॅसीच्या मधे चेंगरतो, वरून टेप चांगली दिसते आणि आत तांबं उघडं.

पहिली राइड रिकाम्या रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात. हँडल सोडायचं नाही, पण पकड सैल ठेवून बघा गाडी कुठल्या बाजूला ओढते. ब्रेक आधी हळू, मग जोरात. शंभर किलोमीटर झाले की तारा, अॅक्सल, टी-चे बोल्ट, सगळं परत तपासा, नव्या तारा ढिल्या होतातच.

आणि हेल्मेट. गाडीवर एवढा खर्च केलेली माणसं अपघातात घातलेलं तेच हेल्मेट परत घालून फिरतात. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो, दबला की काम संपलं, बाहेरून ओरखडा नसला तरी. भाच्याचं हेल्मेट मी करवतीनं कापून ठेवलंय, इथं टेबलावर आहे, जाताना डाव्या बाजूला अंगठा दाबून बघा, कुठं दबलंय ते हाताला कळेल.

आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांच्याकडं ठोकलेल्या गाडीचा फोर्क उतरवलेला पडलाय त्यांनी रविवारी सकाळी पाईप घेऊन माझ्या शेडवर या, व्ही ब्लॉक आणि डायल टेबलावर मांडून ठेवतो, पैसे-बैसे काही नाहीत. पाईप स्वच्छ पुसून आणा तेवढा, आणि जोडी आणा, एकटा नको.