मिरजेचं गाणं कुणाच्या नावावर?

तंबोऱ्यासाठीचा हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलाय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्यं घडवायचं काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. आता घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावतायत, म्हणजे सुराची गुंज जुळवतायत. तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस घासायची. सूर मनासारखा गुंजेपर्यंत हेच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडच्या वाद्याला मिरजेचं नाव लावता येत नाही.

मग याच तंबोऱ्यावर गायलेलं गाणं?

[तंबोऱ्याचा सूर. निवेदन थांबते.]

ही गायिका मिरजेचीच. अभंग संतांचे, चाल तिची. रेकॉर्डिंग घरीच, खिडक्यांना गोधड्या लावून. स्पॉटिफाय कलाकाराकडून थेट गाणं घेत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं तिथं पोहोचवणारी कंपनी, लागतो. लॅपटॉपवर दिसतोय तो त्याचाच फॉर्म.

राउटनोट या डिस्ट्रिब्युटरच्या मोफत योजनेत कलाकाराला ८५ टक्के मिळतात. सीडी बेबी ही दुसरी कंपनी एकदाच फी घेते आणि वर रॉयल्टीतले ९ टक्के. वर्षाला फी घेणाऱ्या काही सेवांमध्ये पैसे थांबले की गाणं उतरतं. पण तिच्या पेन्सिलीच्या खुणा बघा, त्या फीवर नाहीत. हक्क कंपनीकडे जातोय, की फक्त वितरणाची परवानगी? खरेदीखत की भाडेकरार? नोटीस देऊन कधीही बाहेर पडता येतं का? गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, आपल्याला मिळतो का? सेवा बदलली तरी तोच क्रमांक पुढे न्यायचा असतो.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ प्रत्येक कलाकारानं वाचायलाच हवं. हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच. म्हणून तर छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द न चुकता असतात.

तिच्या पहिल्या अल्बमच्या करारात ते होते. ती गाणी आज तिला स्वतःच्या नावानं चढवता येत नाहीत.

[जुन्या सीडीचं कव्हर. निवेदन नाही.]

नव्या फॉर्मवर संगीतकाराच्या रकान्यात तिचं नाव आहे. मात्र चालीच्या रॉयल्टीसाठी डिस्ट्रिब्युटर पुरत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा वाटा कायद्यानं राखलाय. तो वसूल करायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. तो अर्ज तिनं आता भरायला घेतलाय.